ट्टॉक!

गोंदियाच्या फलाटावर गाडी दोन तास उशिरा असल्याची घोषणा झाली, तेव्हा माझ्या पिशवीत फास्टर फेणे होता. भा. रा. भागवतांचा, फुरसुंगीचा बनेश फेणे. समोरचे गृहस्थ कपाळाला हात लावून बसले. मी मनात म्हटलं, बाप्पा, येऊ दे अजून सावकाश!

रहस्यकथेत रक्ताचे पाट वाहिलेच पाहिजेत, असं मला कधी वाटलं नाही. भागवतांचा जन्म १९१०चा. ज्यूल व्हर्न मराठीत आणणारा हा लेखक, आणि त्याचा नायक कोण? तर सायकलवर सुसाट सुटणारा, काडीपैलवान शाळकरी पोरगा. चोर सापडण्याआधी याचीच फजिती होते. आणि डोक्यात काही लखलखलं, की टाळूला जीभ लावून 'ट्टॉक'! वाचता वाचता आपणही हळूच करून बघतो. वयाचं काय घेऊन बसलात!

त्या दिवशी मी केलंच. तांदळाच्या कट्ट्याला टेकून बसलेली एक चिमुरडी चमकली आणि तिनं माझ्याहून खणखणीत ट्टॉक काढला. तिची आजी पुढे सरकली. "पुस्तकात चोर कोण हाय जी?"

सांगणार होतो, तेवढ्यात गाडी आली.