मिरी, क्रूस आणि मगनवाडीचा हिशेब

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३५ च्या सुमाराला राहायला आलेले जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे तंजावरच्या एका श्रद्धाळू ख्रिस्ती घरातले. लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेले, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात राष्ट्राच्या जमाखर्चाचं शास्त्र शिकलेले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचा कारभार कुमारप्पांच्या हाती आला. संघाला जागा दिली जमनालाल बजाजांनी. तिथे लाकडी घाणी फिरू लागली, हातकागदाचा लगदा कुटला जाऊ लागला, मधमाश्यांच्या पेट्या आल्या. गांधीजीही १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, जाण्यापूर्वी इथेच राहत होते. या सगळ्या गजबजाटात कुमारप्पांच्या मनात एक प्रश्न सतत जागा होता, आणि तो घाणीपेक्षा खूप जुना होता. शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगणारा येशू ज्यांचा देव, त्यांचीच जहाजं सातासमुद्रापार जाऊन लोकांच्या जमिनी, देवळं आणि घाम कशी काय ताब्यात घेतात?

याचं सोपं उत्तर सगळ्यांना पाठ आहे: धर्म हे निमित्त होतं, खरी ओढ पैशाची होती. ते अर्धंच खरं आहे.

पोर्तुगीजांचंच पाहावं. १४५५ मध्ये पोप निकोलस पाचवे यांच्या फर्मानाने पोर्तुगालच्या राजाला अख्रिस्ती लोकांचे प्रदेश जिंकण्याची आणि त्यांना गुलाम करण्याची मोकळीक मिळाली. १४९४ च्या तोर्देसियासच्या तहात स्पेन आणि पोर्तुगाल यांनी समुद्रावर एक रेघ ओढून पृथ्वी वाटून घेतली. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला तो मिऱ्यांच्या शोधात, पण पूर्वेकडे आपले धर्मबांधव भेटतील ही त्याच्या लोकांची आशाही खोटी नव्हती. १५१० मध्ये आल्बुकेर्कने गोवा घेतला. १५४० मध्ये तिसवाडीतली देवळं पाडली गेली आणि पुढच्याच वर्षी त्या देवळांच्या जमिनींचं उत्पन्न नव्या धर्मकार्याकडे वळवण्यात आलं. मूर्ती मोडणारा हात आणि सारा गोळा करणारा हात एकाच देहाचे होते. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं. त्याच वर्षी कुशस्थळीच्या मंगेशाचं लिंग भक्तांनी जुवारी ओलांडून पलीकडे, आदिलशाही मुलखातल्या प्रियोळला नेलं. केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. महाराष्ट्रातली कितीतरी कुटुंबं आजही कुलदैवताच्या दर्शनाला या देवळांत जातात. देव विस्थापित झाल्याची ही आठवण आहे, आणि ती अजून पुसलेली नाही.

आता यातली अवघड बाजू. या छळामुळे हिंदू व्यापारी आणि कारागीर गोवा सोडून जात होते आणि त्याने पोर्तुगीजांचंच उत्पन्न घटत होतं. केवळ नफा हवा असता तर हा उद्योग त्यांनी केलाच नसता. म्हणजे ती श्रद्धा खरी होती. तो ढोंगीपणा असता तर प्रश्न सोपा झाला असता; ढोंग उघडं पाडलं की काम संपतं. मनापासून प्रार्थना करणारा माणूस मनापासून दुसऱ्याचं घर मोडतो, तेव्हा त्याच्या प्रामाणिकपणाचं काय करायचं?

स्पेनने तर हा प्रामाणिकपणा कायद्यातच बसवला. १५१३ पासून अमेरिकेत उतरणारे सैनिक तिथल्या लोकांसमोर एक लांबलचक जाहीरनामा स्पॅनिशमध्ये वाचून दाखवत: पोपची आणि आमच्या राजाची सत्ता माना, नाहीतर होणाऱ्या मृत्यूंचा आणि नुकसानीचा दोष तुमच्या माथी. ऐकणाऱ्यांना त्यातलं अवाक्षर कळत नसे. एन्कोमिएन्दा नावाच्या व्यवस्थेत गावंच्या गावं एकेका स्पॅनिश मालकाच्या हवाली केली गेली. त्याने लोकांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा आणि बदल्यात त्यांच्याकडून श्रम व खंडणी घ्यायची. धर्म शिकवण्याची फी म्हणून माणसाचं आयुष्य, असा तो सौदा होता.

त्याला विरोधही त्याच धर्मातून उभा राहिला. बार्तोलोमे द लास कासास स्वतः असाच एक मालक. १५१४ मध्ये त्याने आपल्या ताब्यातले लोक सोडून दिले आणि उरलेलं आयुष्य या व्यवस्थेविरुद्ध झगडण्यात घालवलं. १५५०-५१ मध्ये वायादोलिदला, अमेरिकेतल्या लोकांना असं जिंकणं न्याय्य आहे का यावर, त्याचा आणि ते न्याय्य मानणाऱ्या सेपुल्वेदा या पंडिताचा वाद राजदरबाराच्या आज्ञेने झाला. पण याच लास कासासने सुरुवातीला अमेरिकेतल्या रहिवाशांचं ओझं हलकं करायला आफ्रिकेतून गुलाम आणावेत असं सुचवलं होतं आणि पुढे त्याचा त्याला पश्चात्ताप झाला. करुणा असली तरी तिची नजर कुठवर पोचते, हेही पाहावं लागतं.

इंग्रजांनी वेगळी रीत धरली. ईस्ट इंडिया कंपनीला दीर्घकाळ मिशनरी नकोच होते. धर्मात ढवळाढवळ झाली तर व्यापार बुडेल ही भीती. म्हणून विल्यम केरीला १८०० मध्ये डॅनिश अमलाखालच्या सेरामपूरला ठाण मांडावं लागलं. मग आला १८१३ चा सनदी कायदा. एकाच कायद्याने कंपनीची भारतातल्या व्यापाराची मक्तेदारी मोडली आणि मिशनऱ्यांना दारंही उघडली. मँचेस्टरचं कापड आणि बायबल कायद्याच्या एकाच दारातून आत आलं.

त्या कापडाची वाट वर्ध्यापर्यंत आली. १८५४ मध्ये डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. १८६२ मध्ये वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला होता आणि हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. १८६७ मध्ये रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडचे कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नॅक यांनी मनातलं गणित स्पष्ट लिहून ठेवलं आहे: रेल्वेने विलायती कापड स्वस्तात आणलं की इथलं कापड मागे पडेल, मग इथे सूत व्हायचा तो कापूस परदेशी जाईल, आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मोकळे होतील. यात द्वेष नाही, धर्मांतराचा आग्रह नाही, एखाद्या कोष्ट्याविषयी वाईट शब्दही नाही. तरी त्या हिशेबाने कोष्ट्याचा माग थांबतो. मंगेशाला नदी ओलांडायला लावणारी सत्ता आणि मागाला गप्प करणारी सत्ता यांचे हेतू वेगळे. ज्याचं गेलं त्याच्या दारात मात्र फारसा फरक दिसत नाही.

कुमारप्पांनी नेमकं हेच धरलं, आणि यातच त्यांचं मोठेपण आहे. १९३० मध्ये भारतातल्या अँग्लिकन चर्चचे प्रमुख फॉस वेस्टकॉट यांनी कायदेभंग ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही अशी भूमिका घेतली, तेव्हा कुमारप्पांनी त्यांना ख्रिस्ती म्हणूनच उत्तर दिलं. येशूला मानायचं आणि तोफांच्या आधाराने चाललेल्या राज्याकडे डोळेझाक करायची, ही विसंगती त्यांना सहन होईना. चर्च साम्राज्याच्या सावलीत सुखाने नांदतं, ही त्यांची तक्रार पुढच्या लिखाणातही कायम राहिली. ‘प्रॅक्टिस अँड प्रिसेप्ट्स ऑफ जीझस’ आणि ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ ही त्यांची दोन पुस्तकं तुरुंगात लिहिली गेली. दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना आहे. एक धर्माचं, दुसरं अर्थशास्त्राचं, अशी त्यांची वाटणी करणं चूक ठरेल. दुसऱ्या पुस्तकात ते अर्थव्यवहाराच्या पाच पायऱ्या मांडतात. सगळ्यात खाली दुसऱ्याचा जीव घेऊन जगणारा व्यवहार, मग त्याचं ओरबाडून जगणारा, मग आपल्या कष्टाने मिळवणारा, मग समूहासाठी राबणारा आणि सगळ्यात वर मोबदल्याची अपेक्षा न ठेवता दुसऱ्यासाठी झिजणारा. साम्राज्य कोणत्या पायरीवर आहे हे वेगळं सांगायला नको.

त्यांचं कोकोच्या डब्याचं उदाहरण मात्र जवळून पाहावं. कोको पिकतो पश्चिम आफ्रिकेत, मजुरांवर सक्ती करून. तो वाहून नेणारे सागरी मार्ग आरमाराच्या जोरावर राखलेले. कारखान्यात त्याचा डबा होतो तोही कमी मजुरीत राबणाऱ्यांच्या हातून. मग सवलतीच्या जकातीवर तो भारतात येतो आणि एखाद्या गावच्या दुकानात मांडला जातो. तो विकत घेणारा बापडा कुणाचंही वाईट चिंतत नाही. तरी कुमारप्पांच्या मते त्या सक्तीत, त्या आरमारात आणि त्या कमी मजुरीत त्याचा वाटा पडतो. हेतू निर्मळ असला तरी खातं निर्मळ नाही. हिशेबतपासनिसाची ही नजर त्यांनी धर्माला लावली, आणि पापाची जागा मनातून उचलून देवघेवीत आणून ठेवली.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. प्रत्येक वस्तूचा माग काढणं माणसाला शक्य आहे का? घाणीचं तेल आणि शेजारच्या कोष्ट्याचं कापड एवढ्यावर जग चालत नाही. औषधं, पुस्तकं, विचार दुरूनच येतात. कुमारप्पाही न्यूयॉर्कला शिकले म्हणूनच इंग्रजांच्या लुटीचे आकडे मांडू शकले. आक्षेप खरा आहे, आणि कुमारप्पा कधीकधी अतिरेकाकडे झुकतात हेही खरं. पण त्यांची मागणी सगळा व्यापार बंद करा अशी नव्हती. आपल्या व्यवहाराचा परिणाम जितका नजरेच्या टप्प्यात, तितकी जबाबदारी पेलता येते. टप्प्याबाहेर गेला की क्रौर्य दिसेनासं होतं, असा त्यांचा मुद्दा होता. लिस्बनच्या देवळात गुडघे टेकणाऱ्याला तिसवाडी दिसत नव्हती. लँकेशायरच्या सूतगिरणीतल्या मजुराला हिंगणघाटचा कोष्टी दिसत नव्हता, आणि तो मजूर स्वतः गरीबच होता.

मार्च २०२३ मध्ये व्हॅटिकनने ‘शोधाचा सिद्धांत’ म्हणून ओळखली जाणारी, अख्रिस्ती प्रदेशांवर ख्रिस्ती सत्तांचा हक्क मानणारी विचारसरणी अधिकृतपणे नाकारली. पंधराव्या शतकातली ती फर्मानं श्रद्धेचा भाग नव्हती, असं सांगितलं. ते आवश्यकच होतं. पण कुमारप्पांच्या कसोटीवर तेवढं पुरेसं ठरत नाही, कारण त्यांचा प्रश्न सिद्धांतापेक्षा चालू खात्याविषयी आहे. स्वातंत्र्यानंतर त्यांनी तो आपल्याच लोकांना विचारला. काँग्रेसच्या शेतीसुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. तिच्या १९४९ च्या अहवालाने कसणाऱ्याच्या हाती जमीन द्यावी असा आग्रह धरला. सत्ता बदलली तरी शहराने खेड्याकडून कच्चा माल स्वस्तात घ्यायचा आणि पक्का माल महाग विकायचा ही रीत चालूच राहणार असेल, तर ते त्यांना मान्य नव्हतं. वर्धा जिल्ह्यातल्याच सेलडोहला त्यांनी पन्नई आश्रम उभारून शेतीचे प्रयोग केले, आणि नव्या सरकारच्या योजनांवर टीका करताना इंग्रजांच्या राज्याला लावलेली तीच कसोटी लावली. हिंगणघाटच्या बाजारात आजही कापूस येतो, त्याचा भाव आजही दूरच्या बाजारांवर हलतो, आणि त्या भावात कुणाचं किती जातं हे कुमारप्पांच्या पद्धतीने मांडून पाहायचं काम अजून बाकी आहे.