तांब्याभर पाणी

महाबळेश्वरच्या डोंगरात एक वाडा होता. वाड्याच्या बाईसाहेबांचं माहेर कोकणातलं. माहेरच्या देवळापुढे पांढरा खुरचाफा होता. त्याची हातभर फांदी त्यांनी मागवून घेतली आणि म्हाताऱ्या माळ्याच्या हाती दिली.

माळ्याने फांदी लगेच लावली नाही. आठ-दहा दिवस सावलीत ठेवून कापलेल्या टोकाचा चीक वाळू दिला. मग बुडाला भोक असलेल्या कुंडीत खापऱ्या घातल्या, निम्मी वाळू आणि निम्मी माती भरली आणि फांदी रोवली. चाफा जगला. उन्हाळा अंगणात आणि पावसाळा पडवीत काढून त्याने लांब पानांचा झुपका धरला.

पण त्या डोंगरात थंडीच्या पहाटे कधी कधी दवसुद्धा गोठतं. चाफ्याला ते सोसत नाही. मार्गशीर्ष लागताच माळ्याने कुंडी सोप्यात, दक्षिणेच्या खिडकीपाशी आणून ठेवली. त्याला लेकीच्या गावी जायचं होतं. हाताखालच्या पोराला तो म्हणाला, "पानं पिवळी होऊन गळतील. घाबरू नकोस. पाणी बंद ठेव. अधूनमधून खोड दाबून बघ. सुरकुतलं, तरच पेलाभर घाल."

पानं गळली. एक-एक करत सगळी गळली. कुंडीत नुसती काठी उरली.

सोप्यातून येणारा-जाणारा थांबू लागला. "झाड वाळलं की रे," दिवाणजी म्हणाले. "पाणी घालतोस ना?" स्वयंपाकीणबाईंनी विचारलं. बाईसाहेब काही बोलल्या नाहीत. माहेरच्या त्या काठीकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या. पोराला ते सगळ्यात जड गेलं.

त्या संध्याकाळी त्याने तांब्याभर पाणी घातलं. त्याला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातलं. मग रोजच. आता कोणी विचारलं, की तो रिकामा तांब्या दाखवायचा.

माळी परतला तो थेट कुंडीपाशी गेला. त्याने खोड दाबलं. वर टणक लागलं, पण बुडाशी अंगठा आत रुतला आणि काळं पाणी बाहेर आलं.

"आबा, मी तर काळजीच घेत होतो," पोरगा रडवेला होऊन म्हणाला.

माळ्याने उत्तर दिलं नाही. कोयता घेऊन तो बुडाकडून वर कापत गेला. काळा भाग गेला, तपकिरी गेला. शेवटी पांढराशुभ्र गर दिसला आणि दुधासारखा चीक ठिबकला, तेव्हा तो थांबला. वीतभर तुकडा उरला होता. चाफ्याची जात मोठी चिवट. एवढ्यावरही तो पुन्हा उभा राहू शकतो, फक्त त्याला घाई सोसत नाही. माळ्याने तो तुकडा पोटमाळ्यावर कोरड्यात ठेवून दिला.

चैत्रात ऊन तापल्यावर त्याने तो पोराच्या हाती दिला. "तूच लाव."

पोराने लावला. तो रोज कुंडीपाशी यायचा, माती चाचपायचा, खोड दाबायचा आणि बहुतेक दिवशी तसाच परत जायचा. तसं परत जाणं त्याला पाण्याच्या घागरी वाहण्यापेक्षा कठीण वाटायचं. ज्येष्ठात शेंड्याला हिरवं टोक फुटलं. त्या वर्षी फूल आलं नाही, पण मुळं धरली आणि पानंही आली.

पुन्हा मार्गशीर्ष आला. कुंडी सोप्यात आली, पानं गळली. एका सकाळी बाईसाहेब स्वतःच पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

पोरगा पुढे झाला. "बाईसाहेब, आधी दाबून बघा."

त्यांनी दाबलं. खोड टणक होतं.

"ते निजलंय. त्याला आता फक्त ऊन पाहिजे. ऊब आली, की ते आपण होऊन मागेल."

दारात बसलेला माळी ऐकत होता. तो म्हणाला, "पोरा, गेल्या वर्षी तू काळजी घेत होतो म्हणालास, त्याचं उत्तर आता देतो. तेव्हाचं पाणी तू झाडाला घातलं नव्हतंस, आपल्या भीतीला घातलं होतंस. ज्याची काळजी घ्यायची, त्याला काय हवंय ते आधी बघावं."

बाईसाहेबांनी तांब्या पोराच्या हाती दिला. त्याने तो अंगणात नेला आणि तुळशीला घातला. तिची माती कोरडी पडली होती.