पहिल्याच फेरीत बाद

शाळेतल्या आंतरवर्गीय खो-खोला 8 वर्ग उतरले आणि सामने बाद पद्धतीने ठेवले, तर 7 सामन्यांत सगळं आटोपतं. साखळी पद्धतीने तेच 28 होतात. पीटीचे सर बाद पद्धत निवडतात. त्यांना तरी काय बोलणार? मैदान एक, आठवड्यात तास दोन, त्यातला एक गणिताच्या सरांनी ‘पोर्शन राहिलाय’ म्हणत मागून नेलेला.

पण यात 4 वर्ग एकच सामना खेळून घरी जातात आणि अंतिम फेरीतले दोघे 3-3 खेळतात. म्हणजे आधीच चपळ असलेल्यांना तिप्पट खेळ, आणि ज्यांना खेळायची जास्त गरज, त्यांना सगळ्यात कमी. पहिलं गणित चुकलं, आता बाहेर बसून टाळ्या वाजव, असं वर्गात कुणी म्हणेल का?

जिल्ह्याला संघ पाठवायचा तर उत्तम तेच निवडावेत, हे मान्य. शाळेतल्या शाळेत मात्र चषक हे फक्त निमित्त. चार-चार वर्गांचे दोन गट केले, तर अंतिम सामना धरून 13 सामने होतात. पाळी 9 मिनिटांऐवजी 5 मिनिटांची ठेवली, तर ते चार शनिवारांत बसतात. आणि गटातल्या प्रत्येक सामन्याला वर्गातले नवे 9 जण उतरवायचे. साठातले 27 तरी खेळतील.

यावर वर्गातली सगळ्यात वेगवान मुलगी चिडेल. “मी एकच सामना का? आपण हरू ना!” तिची तक्रार खोटी नाही. एवढंच सांगता येईल, की तुला पुढे जिल्ह्याचा संघ आहे. बाकीच्यांना हे चार शनिवारच आहेत.