बेगुनकोदरचे भूत

सज्जनहो, अंधारात दोरीवर साप दिसतो, हा वेदान्ताचा जुना दृष्टांत. दोरी कधी चावत नाही. परंतु तिला भिऊन पळणारा ठेचकाळतो आणि पाय मोडून घेतो. साप खोटा, मोडलेला पाय मात्र खरा! याला एक दाखला ऐका.

पश्चिम बंगालात पुरुलिया जिल्ह्यात, झालदा आणि कोटशिला यांच्या दरम्यान, बेगुनकोदर नावाचे लहानसे स्टेशन आहे. ते १९६० साली सुरू झाले. खेड्यापाड्यांची सोय झाली. पुढे १९६७ साली काय झाले, तर स्टेशनमास्तरांना म्हणे रुळांपाशी पांढऱ्या साडीतली बाई दिसली! एकाने सांगितले, दहांनी ऐकले, शंभरांनी तिखटमीठ लावले. तेथे नोकरीस कोणी राहीना, उतारू उतरेना. शेवटी स्टेशन बंद झाले. किती दिवस? तब्बल ४२ वर्षे!

आता हिशेब करा बरं. भुताने गावाचे काय नेले? काहीच नाही. भीतीने मात्र गाडी नेली. आजारी माणूस असो की बाजारला निघालेली म्हातारी, गाडी डोळ्यांदेखत धडधडत निघून जाई. आडरानातली बदली टाळण्यासाठी नोकरांनीच ही कथा रचली, असेही म्हणणारे निघाले.

२००९ साली, ममता बॅनर्जी रेल्वेमंत्री असताना, तेथे पुन्हा गाडी थांबू लागली. तरी अंधार पडल्यावर फलाटावर थांबायला लोक धजत नसत. डिसेंबर २०१७ मध्ये पश्चिम बंग विज्ञान मंचाची माणसे रात्री तेथे जाऊन बसली. भूत काही आले नाही. झुडपाआडून भिववणारे मात्र होते. बॅटरीचा झोत पडताच ते पळाले! दोरीवरचा साप काठीने मरत नाही, दिव्याने जातो. पण दिवा घरात ठेवून भागत नाही, तो घेऊन अंधारात जावे लागते.

आणखी एक पाहा. बंगालात पांढरी साडी विधवेची. लोकांच्या भीतीने रूप घेतले तेही कोणाचे, तर दुःखी बाईचे! आपल्याकडे तरी निराळे काय आहे? मंगलकार्यात एखादी विधवा समोर आली की आपण तोंड फिरवतो. तिने कोणाचे काय वाईट केले? हेही दोरीवरचेच भूत, आणि याने ४२ वर्षे काय, जन्मच्या जन्म बंद पाडले आहेत.

संस्कृतात भूत म्हणजे प्राणिमात्र. त्या सर्व भूतांचे ठायी हरी पाहायचा, हा आपला धर्म. ज्याला समोरच्या माउलीत हरी दिसला, त्याला दुसरे भूत दिसणार कोठून? म्हणून येत्या कार्याला तिलाच पहिले कुंकू लावा.

रामकृष्ण हरी!