उजव्या हाताची सुरुवात

गिटार शिकू लागलेल्याचं सगळं लक्ष डाव्या हाताकडे असतं. बोटं दुखतात, कॉर्ड नीट उमटत नाही. उजव्या हाताकडे कोण बघतो? पण श्रोतेहो, तार छेडतो तो उजवा हातच. (डावखुऱ्यांनी उलटं समजावं.)

पिकिंग कधी सुरू करावं? पहिल्याच दिवसापासून, पण सावकाश. मोकळ्या तारेवर एक आघात खाली, एक वर. पिक अंगठा आणि तर्जनीची कड यांच्यामध्ये, टोक जरासंच बाहेर. हालचाल मनगटातून, खांदा सैल. हाताला सवय लागतेच. कोणती लागावी, एवढंच सुरुवातीला ठरवता येतं. चुकीचं वळण मोडणं नव्यानं शिकण्याहून कठीण. म्हणून पहिल्याच दिवसापासून, पण सावकाश.

वेगाची आणि भराभर तारा ओलांडण्याची कसरत मात्र थांबू शकते. कॉर्ड बदलताना ताल तुटेनासा झाला, की तिची वेळ आली. पिकशिवाय, बोटांनी वाजवायचं असेल, तर साधारणपणे जाड तारा अंगठ्याकडे, बारीक तारा बाकीच्या बोटांकडे. सुरुवात एकाच कॉर्डवर, मेट्रोनोम अगदी संथ ठेवून.