अंडे उलटताना



अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी-टॉवेलच्या कारखान्यांची पाळी सुटली, की अंड्याच्या गाडीपाशी गर्दी होते. एका संध्याकाळी मीही तिथे उभा होतो. गाडीवरचे मामा आपल्या भाच्याला दोन्ही बाजूंनी भाजलेले हाफ फ्राय करायला शिकवत होते. पोराने उलथने घातले, अंडे उचलले आणि पिवळा बलक फुटून तव्यावर पसरला. दुसरेही फुटले. पोराचा चेहरा उतरला. मामा एवढेच म्हणाले, "घाई कुणाला हाय? खालचं धरू दे की आधी."

मग त्यांनी करून दाखवले. अंडे ताजे घ्यायचे, कारण शिळ्या अंड्यात बलकाभोवतीचा पडदा कमजोर होतो. आधी वाटीत फोडून अलगद तव्यावर सोडायचे. आच मंद ठेवायची. पांढरे नीट धरेपर्यंत हात लावायचा नाही. मग पातळ उलथने बलकाच्या पलीकडपर्यंत सरकवायचे आणि तव्यालगतच मनगट वळवायचे. उंचावरून टाकले तर फुटते. अर्धवट घालून कचरत राहिले, तरी फुटते.

घरी जाताना मला एका मुलाची आठवण झाली. काही वर्षांपूर्वी तो आमच्या खात्यात नवा लागला होता. मागावरचा धागा तुटलेला त्याच्या ध्यानात आला नाही आणि माल खराब झाला. मी सगळ्या कामगारांदेखत त्याला वाट्टेल ते बोललो. चूक त्याचीच होती. पण दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही. तुटलेल्या धाग्याला गाठ मारता येते. फुटलेला बलक सांधता येत नाही.

मग चुकणाऱ्याला बोलूच नये का? तसे नाही. उलटायचे अंडे उलटलेच नाही, तर वरून कच्चे राहते. गप्प बसणे ही नेहमीच दया नसते. पुष्कळदा तो आपला भित्रेपणा असतो. संत मत्तयच्या शुभवर्तमानात, १८ व्या अध्यायात, प्रभू येशू आपल्याला चुकलेल्या भावाकडे जायलाच सांगतो. मात्र आधी एकट्याने, चारचौघांत नव्हे. आणि हेतू एकच, भाऊ परत मिळावा.

संत लूकच्या ११ व्या अध्यायात प्रभू विचारतो, की मुलाने अंडे मागितले, तर कोणता बाप त्याच्या हातावर विंचू ठेवील? काम शिकायला आलेले पोर आपल्याकडे अंडेच मागत असते. आपण नांगी मारतो आणि वर म्हणतो, "तुझ्या भल्यासाठीच बोललो."

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका कार्मेल मठात ब्रदर लॉरेन्स स्वयंपाकघरात राबत. ते १६९१ साली वारले. ते काम त्यांना मुळात आवडत नसे. तरी तव्यावरचे छोटेसे ऑम्लेटसुद्धा आपण देवाच्या प्रीतीखातर उलटतो, असे ते सांगत. हात कुणासाठी चालतो, यावर सारे अवलंबून असते. त्या दिवशी वरून मला बोलणी बसली होती. ती मी त्या मुलावर उतरवली. माझी जीभ त्याच्यासाठी नव्हे, माझ्या रागासाठी चालली.

फुटलेली दोन अंडी मामांनी फेकली नाहीत. कांदा-मिरची घालून भुर्जी केली आणि भाच्यालाच खाऊ घातली. देवही आपल्या चुकांतून काही चांगले घडवतो. पण म्हणून आपल्याला फोडायची मोकळीक मिळत नाही. पापनिवेदनात मी हे सांगितले, क्षमाही मिळाली. त्या मुलाची माफी मागायची मात्र अजून राहिली आहे.

या आठवड्यात मुलाला, सुनेला किंवा हाताखालच्या माणसाला काही सांगायचे असेल, तर आधी आच मंद करू या. चार माणसे जाऊ देऊ या. मग बोलू या.

हे प्रभो, तू आम्हांला किती वेळा वळवलेस आणि मोडू दिले नाहीस. तोच हात आम्हांलाही दे. आमेन.