विसाव्याचा आकडा

वाशिम जिल्ह्यातल्या जऊळक्यात एका काका-पुतण्याचा फोटो स्टुडिओ होता. शूटिंग काका करायचे, कॉम्प्युटरवरचं एडिटिंग पुतण्याकडे. लग्नसराईत कामं साचायची, म्हणून पुतण्याला वेगाचा ध्यास लागला, आणि त्यात वावगं काहीच नव्हतं. रॅम ३२०० ची, पण घेतल्यापासून २४०० वरच चालत होती. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमच्या जाहीर वेगाची तयार सेटिंग, चालू करताच तिला तिचा वेग मिळाला. पैसे मोजून घेतलेला वेग वाया का घालवायचा?

पुढे त्याने टायमिंग आवळायला घेतली. सीएल (मागितलेली माहिती येईपर्यंतचे घड्याळाचे ठोके) १६ चा १४ केला. चाललं. मग नजर गेली टीरेफीवर.

रॅममधला एकेक बिट म्हणजे इवल्याशा कपॅसिटरमधला विद्युतभार. तो सारखा गळत असतो. म्हणून डीडीआर४ मध्ये प्रत्येक ओळ ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावी लागते, आणि त्यासाठी साधारण दर ७.८ मायक्रोसेकंदांनी मेमरीचं काम क्षणभर थांबतं. दोन थांब्यांमधलं हे अंतर म्हणजे टीरेफी. ३२०० वर तो १२४८० ठोक्यांच्या आसपास असतो. पुतण्याने ६५५३५ केला, म्हणजे पाचपट. थांबे कमी झाले, एक्सपोर्ट आणखी थोडा लवकर होऊ लागला.

"रातभर तपासून तं घे बाप्पा," काका म्हणाले.

"बंद नाही पडत ना काका, मंग काय तपासाचं?"

मेमटेस्ट ही रॅमची चाचणी लावली की रात्रीचं काम अडणार होतं. जानेवारी होता, खोली गार होती, सगळं सुरळीत चाललं होतं.

चिप तापली की भार भराभर गळतो. मे महिन्यात त्या पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नसे. कॉम्प्युटर मात्र तेव्हाही बंद पडला नाही, आणि घात झाला तो त्यामुळेच. बंद पडता तर शंका तरी आली असती. कार्डावरचं शूटिंग डिस्कवर उतरताना रॅममधूनच जातं. एका लग्नाचं शूटिंग उतरताना तिथे बिट उलटले आणि उलटलेलेच डिस्कवर लिहिले गेले. चूक पकडणारी ईसीसी रॅम अशा घरगुती मशीनमध्ये नसते. संध्याकाळच्या दुसऱ्या लग्नासाठी पुतण्याने कार्ड फॉरमॅट केलं. दोन दिवसांनी पाठवणीची क्लिप उघडली, तर हिरव्या-गुलाबी चौकटी आणि तुटका आवाज.

काका रागावले नाहीत. "तूच सांग त्याइले. मी येतो संगं."

मुलीच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. पैसे परत देतो म्हटलं, तर त्यांनी हात आडवा केला. "मायनं पाठवणीत गाणं म्हटलं होतं. ते आता कुठून आणू?"

त्या रात्री मेमटेस्ट लागली. पहिल्याच फेरीत लाल ओळी उमटल्या. पुतण्याने टीरेफी १२४८० वर आणला, सीएल १६ केला आणि तिथून एका वेळी एकच आकडा बदलत गेला. चाचणी रात्रीच्या गारव्यात नाही, भर दुपारी, पंखा बंद करून. सीएल १४ त्या उन्हातही टिकला, म्हणून ठेवला. टीरेफीला त्याने पुन्हा हात लावला नाही.

कार्ड आता दोन डिस्कवर उतरतं, दोन्हींचा चेकसम कार्डाशी जुळवला जातो, आणि फॉरमॅटचं बटण काका दाबतात.